साइमीचे अकरा रविवार

ऐली कोस्किला मिशिगनमधल्या हॅनकॉकला एकटी राहायची. थोरली बहीण साइमी डुलूथच्या वृद्धाश्रमात होती, नाकाला प्राणवायूची नळी लावलेली. मध्ये चार तासांचा बर्फाळ रस्ता, आणि ऐलीला आता गाडी चालवणं झेपत नव्हतं. म्हणून दर रविवारी जेवणं आटोपली की दोघी बहिणी आपापल्या कॉम्प्युटरसमोर बसून व्हिडिओ कॉलवर बोलायच्या.

"ताई, आजपासून हे सगळं रेकॉर्ड करून ठेवणार हं मी."

"माझं थोबाड कोण बघणार गं?" साइमी धापा टाकत हसली. "ठेवायच्याच तर गोष्टी ठेव. आईनं त्या सुईणीला कसं हाकलून दिलं, ते सांगू?"

साइमीच्या मुलीनं, कॅरलनं, फोनवर विचारलं होतं, "मावशी, मीही करून ठेवू का?"

"तू तुझी नोकरी सांभाळ. मी करतेय ना!"

बहिणीचा क्षीण आवाज नीट ऐकू यावा म्हणून ऐलीनं चांगले हेडफोन आणले. पहिल्या दिवशी स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू करून "एक, दोन, तीन" म्हणून पाहिलं. परत लावल्यावर स्वतःचा आवाज खणखणीत ऐकू आला, तशी ती निर्धास्त झाली. नंतर तिनं एकही रेकॉर्डिंग लावून पाहिलं नाही. जितंजागतं माणूस असताना असलं काही लावून बसणं तिला अभद्र वाटायचं.

असे अकरा रविवार झाले. बाराव्याच्या आधीच, मार्चमध्ये, साइमी गेली.

दफन उरकून सगळे चर्चच्या तळघरात कॉफी आणि वेलचीचा पाव घेत बसले होते. कॅरल म्हणाली, "मावशी, आईचं हसणं लाव ना जरा."

ऐलीनं लॅपटॉप उघडला. साइमी दिसली. तिचे ओठ हलत होते, हात हलत होते. ऐकू येत होती ती फक्त ऐली. "मग?" ... "अय्या!" ... "आणि आई काय म्हणाली?" मध्ये नुसती शांतता. कोणीतरी कप खाली ठेवला.

कॅरलच्या नवऱ्यानं, डेलनं, एकेक करून अकराही रेकॉर्डिंग तपासली.

"मावशी, यात फक्त मायक्रोफोनचा आवाज आलाय. कॉम्प्युटरमधून येणारा आवाज घ्यायचा तर ते वेगळं चालू करावं लागतं."

"मग आता कर ना."

"जे घेतलंच नाही ते आणायचं कुठून? हेडफोन नसते, तर स्पीकरमधून निदान थोडंफार तरी आलं असतं."

कॅरल ओरडली नाही. "तू म्हणाली होतीस, मी करतेय ना," एवढंच पुटपुटली आणि खुर्च्या आवरायला उठली.

ऐलीची सव्वीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात गेली होती. तिथल्या यंत्रांच्या खडखडाटात बायका ओठ वाचूनच एकमेकींशी बोलायच्या. घरी आल्यावर ती कागद-पेन घेऊन बसली. स्वतःचा प्रश्न ऐकायचा, ताईचे ओठ बघायचे, आठवायचं, लिहायचं. सुईण सापडली. नाचघरातला तो तांबड्या केसांचा मुलगाही सापडला. नळी ओठांवर घसरली की मात्र वाक्यच्या वाक्य निसटून जायचं. एका ठिकाणी तिनं विचारलं होतं, "ताई, भीती वाटते का गं तुला?" साइमी बराच वेळ बोलत होती, पण नळी ओठांवर आलेली. त्यातलं ऐलीला काही म्हणजे काही आठवेना. तिथं तिनं जागा कोरी सोडली.

जूनमध्ये कॅरल आली. ऐलीनं रेकॉर्डिंग लावलं आणि कागद बघून साइमीचं बोलणं म्हणू लागली. दोन-तीन वाक्यं झाली असतील.

"नको मावशी," कॅरल म्हणाली. "तुझ्या आवाजात नको."

ऐलीनं कागद उलटा ठेवला. स्वतःचे ते "मग?" आणि "अय्या!" तिलाच ऐकवेनात, म्हणून तिनं आवाजही पार बंद केला. पडद्यावर साइमी कशाला तरी खूप हसत होती. मावशी आणि भाची शेवटपर्यंत तिच्याकडे बघत बसल्या. मग कॅरलनं कागद मागून घेतले, पर्समध्ये ठेवले, आणि अंधार पडायच्या आत पोचायचंय म्हणून निघाली.