काळ्याचे पैसे

आमच्या घरी काळा पैसा आहे हे मी स्वतःच्या तोंडाने फोनवर सांगितलं, तेव्हा माझी बायको शेजारी बसून मिरच्यांची देठं काढत होती.

आधी जरा खुलासा. आमच्या मिरजगावात काळ्या मसाल्याला कुणी मसाला म्हणत नाही. नुसतं 'काळं' म्हणतात. "आमटीत काळं टाकलं का?" "यंदाचं काळं झालं का?" असं. सुनंदाच्या, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या हातचं काळं पंचक्रोशीत नावाजलेलं. ते ऑनलाइन विकायची कल्पना माझी. फोटो मी काढायचो, गिऱ्हाइकांशी मी बोलायचो, पैसे माझ्या ॲपवर यायचे. (मसाला ती करायची. पण एवढी किरकोळ गोष्ट मी लोकांना सांगत बसत नसे.)

पाव किलो, अर्धा किलो असा सगळा संसारी मामला चालला होता. तेवढ्यात कोपरगावहून भाऊरावांचा फोन आला. भाऊराव सुनंदाच्या माहेरचे, लग्नाच्या पंगतींचे आचारी.

"दाजी, सगळ्या लगीनसराईचं काळं तुमच्याकडूनच घेणार. आन् पैसे आत्ताच टाकलेत सगळे. घोळ नको म्हनून खाली लिव्हलंय बी, काळ्याचे पैसे."

मी मोबाईल उघडून पाहिला आणि घरात मिरवून आलो. आईने रक्कम पाहिली आणि तिचा चेहराच उतरला. "कुनाचं चुकून तर आलं न्हाई ना?" म्हणाली. मी हसलो. हसू ओसरायच्या आत ॲपवर निरोप आला, नेहमीपेक्षा फार मोठा व्यवहार झाल्यामुळे आपल्या खात्यावर तात्पुरते निर्बंध घातले आहेत. म्हणजे पैसे दिसत होते, पण हलत नव्हते.

आणि मिरचीची खरेदी तर त्याच पैशांतून व्हायची होती. नगरच्या व्यापाऱ्याने आमच्यासाठी मिरचीची पोती शुक्रवारपर्यंत बाजूला ठेवली होती. त्यानंतर तो ती दुसऱ्याला देणार होता. मिरची नाही तर मसाला नाही, आणि भाऊरावांची पहिली पंगत तर तोंडावर आलेली.

"त्यांना काय सांगायचं?" सुनंदा म्हणाली. "पैसे घेतले आणि माल दिला नाही, म्हणजे आपण बुडवेच ठरलो. माझ्या माहेरी."

शेवटचे दोन शब्द तिने हळू उच्चारले, म्हणून जास्त लागले. मी म्हणालो, "तू बघच, मी कसा बोलतो ते," आणि मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडे एक अतिशय गोड आवाजाची मुलगी होती.

"सर, ही रक्कम कशाची आहे?"

"काळ्याची."

"म्हणजे काळ्या पैशाची?"

"हो, काळ्याचाच पैसा आहे. खाली लिहिलंय की तसं."

"सर, हे कधीपासून चालू आहे?"

"अहो, पिढ्यान्‌पिढ्या," मी अभिमानाने म्हणालो. "आधी आई करायची, आता बायको करते. मागच्या पडवीत. हाताखाली चार बाया आहेत."

"आणि याची बिलं, पावत्या?"

"काळ्याला कोण पावती मागतं?"

सुनंदाच्या हातातली मिरची तशीच राहिली. ती मला खुणा करत होती; मला वाटलं, छान चाललंय म्हणतेय. मुलगी म्हणाली, "सर, मी हे वरिष्ठांकडे पाठवते." मी तिचे मनापासून आभार मानले. तासाभरात खात्यात पैसे येणंसुद्धा बंद झालं.

पुढचं सगळं आईने केलं. ती शेजारी विरजण मागायला गेली आणि आमच्याकडे चौकशी लागल्याचं सांगून आली. संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीत धाड पडणार असल्याची बातमी होती. कामाच्या चारही बाया एकदम आल्या. "वहिनी, आमचं नाव कुठं देऊ नका," एवढंच म्हणून गेल्या. मी घरातल्या घरात येरझारा घालू लागलो. जेवण जाईना. गाडीचा आवाज झाला की खिडकीशी जायचो. दूधवालासुद्धा मला साध्या वेशातला वाटला.

त्यात भाऊरावांचा फोन.

"दाजी, मलाबी फोन आल्ता त्या लोकांचा. इचारत हुते, कशाचे पैसे दिले. म्या म्हनलं, काळ्याचे. तुमी बी तेच सांगितलं ना? दोघांचं जुळाया पायजे."

"जुळलंय," मी म्हणालो आणि खाली बसलो.

शुक्रवारी सकाळी व्यापाऱ्याने विचारलं, पोती ठेवू की देऊन टाकू? दुपारपर्यंत थांबा म्हणून मी अक्षरशः हात जोडले, फोनवरच. तेवढ्यात ॲपवाल्यांचा व्हिडिओ कॉल आला. कुणी साहेब होते. मी घसा साफ करून "त्याचं असं आहे साहेब" म्हणालो, आणि सुनंदाने मोबाईल माझ्या हातातून काढून घेतला.

ती सरळ पडवीत गेली. बरणीचं झाकण उघडून कॅमेऱ्यापुढे धरलं. "हे काळं. आमटीत घालतात. ही पाकिटं, हा परवाना, ही भाऊरावांची ऑर्डर. आणि ह्या माझ्या सासूबाई, यांनी मला शिकवलं." आईने साहेबांना नमस्कार केला आणि वर, "धाड कधी टाकनार?" म्हणून विचारलं.

साहेबांनी बरणी कॅमेऱ्याच्या आणखी जवळ धरायला लावली. मग म्हणाले, "ताई, हा काळा मसाला आहे. मग मसाला असं का नाही सांगितलं?"

"मला कुणी विचारलंच नाही," सुनंदा म्हणाली.

"आणि ते मागे उभे आहेत ते कोण?"

"मालक आहेत. पण त्यांना काही विचारू नका."

दुपारी खातं मोकळं झालं. व्यापाऱ्याला पैसे गेले, पोती आली, आळीभर ठसका उठला आणि भाऊरावांचं काळं वेळेत कोपरगावला पोचलं. माल पोचल्याचा भाऊरावांचा निरोप मोबाईलवर वाचताना सुनंदाच्या डोळ्यांत पाणी होतं. मिरचीचं असेल, असं मी धरून चाललो; माझ्याही डोळ्यांत होतं, आणि मी तर मिरचीपासून चांगला लांब उभा होतो.

आता ॲप, खातं, गिऱ्हाईक, सगळं सुनंदाच्या नावावर आहे. मला फोन घ्यायला मनाई नाही. पण एका वेळी पाव किलोच्या वरची ऑर्डर घ्यायची नाही, आणि काय विकतो असं कुणी विचारलं तर फोन तिच्याकडे द्यायचा. ॲपवाल्यांनी निर्बंध तात्पुरते घातले होते. हिने तसं काही म्हटलेलं नाही.