बर्फ घातलेली नन्नारी

किस्से गोळा करावे लागत नाहीत. दुकानासमोर एक बाकडं टाका, माणसांना काहीतरी गार प्यायला द्या. ते आपोआप साचतात. वाईट एवढंच, की बाकड्यावरची माणसं साचत नाहीत.

कुंभकोणमच्या बसस्टँडजवळ मुरुगेसनचं सरबताचं दुकान आहे. नन्नारी सरबत! नन्नारी म्हणजे उपळसरी. तिच्या मुळ्यांचा गोड पाक, वर लिंबू, मग फोडलेला बर्फ. आमचा उन्हाळा त्यावरच निभतो. बाकड्यावर आम्ही तिघं: मी निवृत्त मास्तर, बापूराव पितळी समयांचे व्यापारी आणि धातूच्या मूर्ती ओतणारा, स्वामीमलैचा मूर्तिकार पळणी. बापूराव आणि मी मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इकडे तंजावर भागातच रुजलेले.

*

समोर एसी कॅफे उघडला. बोर्डावर मोठ्या अक्षरांत ‘स्वीट आइस टी’. मुरुगेसनचा चेहरा पडला. कॉलेजची पोरं रस्ता ओलांडून तिकडेच जायला लागली. शेवटी त्यानं पळणीला चव बघायला पाठवलं.

पळणी परत आला. “घाबरू नकोस. आपल्याकडे चहा गार झाला तर लोक परत करतात. तिथे मेनूकार्डात छापलाय!”

आम्ही हसलो. पोरं मात्र परत आली नाहीत.

*

एकदा पुण्याचं एक जोडपं सरबत प्यायला थांबलं. मराठी कानावर पडताच बापूराव फुलले, आपल्या तंजावरी मराठीत भडाभडा बोलायला लागले. ती मुलगी हसू दाबत म्हणाली, “काका, किती जुनी भाषा हो तुमची!”

“आम्ही निघालो तेव्हा हीच नवी होती, बाळ!”

जोडपं गेल्यावर बापूरावांनी ग्लासातला उरलेला बर्फ रस्त्यावर ओतला. मग मला म्हणाले, “नातवंडं चेन्नईत. फोनवर तमिळच बोलतात. ही मराठी आता तुझ्याशीच संपायची.”

*

पळणीचा मुलगा सिंगापूरला गेला. पळणीनंतर मूर्ती ओतायला घरात कुणी उरलं नाही. एकदा दुकानात असताना त्याचा व्हिडिओ कॉल आला.

“काय पाठवू, सांग!” पळणी ओरडला.

“काही नको. अप्पा, ग्लास फोनजवळ धरा. जरा हलवा.”

पळणीनं ग्लास हलवला. बर्फ खुळखुळला. बर्फ विरघळेपर्यंत पळणी हलवत राहिला.

*

पाक करायची मुरुगेसनची बायको, कामाक्षी. कृती कुणाला सांगायची नाही, नवऱ्यालासुद्धा. तो वैतागून म्हणायचा, “उद्या तू गेलीस तर मी काय विकू?”

“सोडा!” ती म्हणायची.

ऐन उन्हाळ्यात कामाक्षी गेली. सकाळी छातीत दुखलं, दुपारी संपलं.

*

तिनं भरून ठेवलेल्या बाटल्या संपत आल्या, तसा मुरुगेसननं स्वतः पाक केला. पहिले ग्लास आम्हाला दिले.

“अगदी तस्सं!” पळणी म्हणाला. मीही मान डोलावली.

मुरुगेसननं पातेलं उचललं आणि सगळा पाक गटारात ओतला.

“तस्सं असतं, तर दुसरा ग्लास मागितला असता.”

*

त्याच वर्षी पावसाळ्यात बापूरावांची किडनी बिघडली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “आता जे मागतील ते द्या.”

बापूरावांनी नन्नारी मागितली.

मुरुगेसन घरी गेला. कामाक्षीच्या हातची एकच बाटली उरली होती. देवापाशी ठेवलेली, रोज पुसायचा, उघडायचा नाही. ती घेऊन आला. झाकण त्यानंच उघडलं. लिंबू पळणीनं पिळलं. मी चमच्यानं बापूरावांच्या तोंडात घातलं.

एक चमचा. दुसरा. त्यांनी डोळे मिटले.

डोळे न उघडताच ते तमिळमध्ये म्हणाले, “मुरुगेसा, साखर जरा कमी पडलीये.”

मुरुगेसननं बाटली उजेडाकडे धरून बघितली.

“असू दे. मी तिकडेच निघालोय. कामाक्षीला सांगतो!”

मुरुगेसननं बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

“सांगा, सार,” तो म्हणाला.