पडलेलं विमान कोणाचं

‘कोमलचं आहे साहेब. तिनेच बनवलंय.’

हे वाक्य माझं. प्राचार्यांच्या केबिनमध्ये, फौजदारासमोर उभं राहून मी ते बोललो. टेबलावर फोमचं विमान ठेवलं होतं. एक पंख मोडलेला, नाक आत दबलेलं, पोटाखालून तिरंगी दिव्यांची पट्टी लोंबत होती. फौजदाराने विचारलं, हे कोणाचं. मी नाव सांगितलं. त्याने ते लिहून घेतलं. कोमल तेव्हा केबिनमध्ये नव्हती, तिला नंतर बोलावलं.

माझ्या वाक्यात एक शब्द खोटा नव्हता. विमान कोमलनेच बनवलं होतं. फोम तिने कापला, मोटर तिने बसवली, पंखाखाली दोन बोटं धरून विमान तोललं आणि नाकात किती वजन चिकटवायचं तेही तिनेच ठरवलं. पण आदल्या संध्याकाळी ते उडवलं वेदांतने. आणि कपाट उघडून ते त्याच्या हातात दिलं मी. हे दोन्ही मला माहीत होतं. मी तेवढंच बोललो नाही.

नाशिकच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात मी वर्कशॉप इन्स्ट्रक्टर होतो. कंत्राटी. आयटीआय केलेलं, सातपूरच्या एका कंपनीत बरीच वर्षं काढलेली, कंपनी बंद पडली म्हणून इथे आलेलो. कॉलेजात पदवीवाल्यांना ‘सर’ म्हणतात. शिपाई आणि आम्ही वर्कशॉपवाले, सगळे ‘मामा’. मामा, पाना द्या. मामा, लेथ चालू करा. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला याचीही सवय होते. फक्त कोमल मला पहिल्या दिवसापासून सर म्हणायची. ती वणीकडच्या एका गावची. तिचे वडील वणीहून सप्तशृंगी गडावर भाविकांची जीप चालवतात. आम्ही दोघंही बौद्ध. हे तिला माझ्या आडनावावरून कळलं होतं, मला तिच्या. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. बोलायची गरज नव्हती.

मुलांच्या विमान क्लबचं सामान माझ्या ताब्यात असायचं. क्लबचा कॅप्टन वेदांत. संस्थेच्या एका विश्वस्तांचा पुतण्या. क्लबमध्ये एक रीत पडून गेली होती. ट्रान्समीटर, म्हणजे विमान उडवायचा रिमोट, वेदांतच्या नाहीतर त्याच्या दोन मित्रांच्या हातात. बाकीच्यांनी विमानं बनवायची, आणि विमान शेतात पडलं की धावत जाऊन आणायचं. बक्षीस मिळालं की विमान उडवणाऱ्याचं. पडलं की बनवणाऱ्याचं. कोमल एकदा म्हणाली होती, ‘सर, मला एकदा उडवू द्या ना. हातात कसं लागतं ते कळल्याशिवाय पुढचं नीट कसं बनवणार?’ मी म्हणालो, पुढच्या वेळी. पुढच्या वेळीही मी तेच म्हणालो. ट्रान्समीटर माझ्याच कपाटात असायचा. ही रीत मोडायला मला कोणाची परवानगी लागत नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात सीमेवर लढाई पेटली. ओझरचा हवाई दलाचा तळ जवळ, त्यामुळे आमच्याकडे सगळेच धास्तावलेले. भोंगे वाजायचे, ब्लॅकआउटचा सराव व्हायचा, आणि आकाशात काहीही उडवायला बंदी. बंदीचा कागद वर्कशॉपच्या दारावर मी स्वतः चिकटवला. कोमलने त्याच दिवशी विमानातली बॅटरी काढून कपाटात ठेवली.

एके दिवशी दिवेलागणीच्या सुमाराला वेदांत वर्कशॉपमध्ये आला. कोमल आतल्या टेबलावर काहीतरी चिकटवत बसली होती. तो म्हणाला, मामा, कपाट उघडा, पाच मिनिटांचं काम आहे. सगळे जवानांसाठी काही ना काही टाकतायत, आपल्या क्लबचंही एक रील पाहिजे.

कोमल म्हणाली, ‘सर, देऊ नका. बंदी आहे.’

वेदांत हसला. ‘तू कशाला टेन्शन घेतेस? तुला कोण विचारणार आहे?’

पुढच्या महिन्यात माझं कंत्राट संपत होतं. ते वाढवायचं की नाही हे त्याच्या काकांच्या सहीवर होतं. मी कपाट उघडलं. कोमलने एकदा माझ्याकडे पाहिलं, गोंदाची बाटली बंद केली आणि ती मेसला निघून गेली.

पुढचं सगळ्या शहराने पाहिलं. कॉलेजच्या गच्चीवरून वेदांतने उडवलेलं विमान वाऱ्याला लागलं, रेंजच्या बाहेर गेलं आणि एका कॉलनीच्या पार्किंगमध्ये पडलं. तिथे नेमका ब्लॅकआउटचा सराव चालू होता. अंधारात आकाशातून दिवे लागलेलं काहीतरी खाली आलं. बायका मुलांना घेऊन पळाल्या. पुरुषांनी काठ्यांनी विमान झोडपलं. शत्रूचं ड्रोन पाडलं म्हणून व्हिडिओ फिरला. पोलिसांना पंखावर क्लबचं स्टिकर सापडलं.

सकाळी केबिनमध्ये प्राचार्य, वेदांतचे विश्वस्त काका, फौजदार आणि मी. फौजदाराने विमान कोणाचं ते विचारलं. विश्वस्त माझ्याकडे वळले. धमकी नाही, डोळे वटारणं नाही. अगदी मऊ आवाजात म्हणाले, ‘सर, तुम्हीच सांगा. वर्कशॉप तुम्ही बघता.’

सर. इतक्या वर्षांत त्या कॉलेजातल्या मोठ्या माणसाने मला पहिल्यांदा सर म्हटलं. मला ते बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितो. त्या क्षणी मला भीतीही वाटत होती आणि बरंही वाटत होतं. मी कोमलचं नाव सांगितलं.

तिला बोलावलं. फौजदाराने विचारलं, तू बनवलंस? ती म्हणाली, ‘हो, मी बनवलंय. पण मी...’ आणि माझ्याकडे पाहिलं. मी विमानाच्या दबलेल्या नाकाकडे पाहत राहिलो. तिने वाक्य पुरं केलं नाही. मला नंतर कळलं की ती माझी वाट पाहत होती. पुढचं मी बोलेन असं तिला वाटलं होतं.

असं एकटं पडणं काय असतं ते मला माहीत होतं. कोणी शिकवायची गरज नव्हती.

कारगिलची लढाई चालू होती तेव्हा मी नववीत होतो. वडील सातपूरला एका कंपनीत प्रेस मशीनवर. मला शहरातल्या एका नावाजलेल्या शाळेत प्रवेश मिळाला होता, आणि तो कसा मिळाला यावर वर्गात कुजबुज चालायची. शाळेत विमानांचा छंदवर्ग होता. बाल्सा लाकडाची हलकी विमानं, अंगठ्याएवढं इंजिन, इंधनात एरंडेल आणि ईथर. त्या वासाने डोकं भणभणायचं आणि तरी तो हवासा वाटायचा. विमान दोन लांब तारांना बांधलेलं असायचं. मध्ये उभं राहून हँडल धरायचं, विमान आपल्याभोवती गोल फिरायचं.

जवानांच्या निधीसाठी शाळेत कार्यक्रम ठरला. विमान मी बनवलं. सँडपेपरने घासून घासून माझ्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. कार्यक्रमाच्या दिवशी हँडल एका डॉक्टरांच्या मुलाला दिलं. गोल फिरता फिरता त्याला चक्कर आली, हात खाली गेला, आणि विमान पाहुण्यांच्या खुर्च्यांसमोर जमिनीत घुसलं.

छंदवर्गाच्या सरांच्या हातात माईक होता. त्यांनी माईकवरच विचारलं, कोणी बनवलं हे? डॉक्टरांच्या मुलाने माझ्याकडे बोट केलं. तोही खोटं बोलला नव्हता. सर म्हणाले, ‘तरीच. यांना सगळं सवलतीत लागतं. वाटलं असेल, विमानही सवलतीत उडेल.’

मैदान हसलं. पाहुणे हसले. मी वाकून तुकडे गोळा केले. कोणी मदतीला आलं नाही, आणि मी मान वर केली नाही. घरी आईने विचारलं तर म्हणालो, छान उडालं.

मोठा झाल्यावर क्लबचं काम माझ्याकडे आलं तेव्हा वाटलं होतं, आता आपण दुसऱ्या बाजूला आहोत. खरंच होतो. सरांच्या बाजूला.

कॉलेजने कोमलचं हॉस्टेल काढून घेतलं. पण खरा फटका वेगळाच होता. ओझरच्या बाजूला एका कारखान्यात तिची अप्रेंटिस म्हणून निवड झाली होती. विमानांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. तिथे रुजू व्हायच्या आधी पोलीस पडताळणी लागते. लढाईच्या दिवसांत बंदी मोडून विमान उडवणारी मुलगी, अशी नोंद असताना तिला कोण आत घेणार? हे मला नाव सांगण्याआधीही माहीत होतं. तिने निवड झाल्याचे पेढे पहिल्यांदा मला दिले होते.

तिचे वडील जीप घेऊन आले. कॉरिडॉरमध्ये मला गाठलं. मला वाटलं आता कॉलर धरतील. त्यांनी हात जोडले.

‘सर, तुमी आपल्यातले. तुमी हे म्हणून पोरगी इथं टाकली. ती लय शिस्तीची हे, असं काय करायची नाय. तुमी जरा साहेबाला सांगा ना.’

तिने घरी माझं नाव घेतलं नव्हतं. मी म्हणालो, बघतो. बघतो म्हणालो मी त्यांना.

त्या दिवसांत झोप लागली नाही वगैरे मी म्हणणार नाही. झोप लागत होती. जेवणही जात होतं. स्वतःला सांगायला माझ्याकडे भरपूर कारणं होती. कंत्राट, मुलांच्या फिया, आणि फौजदाराने कुठे विचारलं होतं उडवलं कोणी.

मग लढाई थांबली. बंदी उठली. जवानांच्या कुटुंबांचा सत्कार करायचं कॉलेजने ठरवलं आणि त्यात विमान उडवायचं ठरलं. वेदांत वर्कशॉपमध्ये आला, टेबलावर बसला, पाय हलवत म्हणाला, ‘मामा, नवीन विमान लागेल. त्या मुलीकडूनच बनवून घ्या ना. हात चांगलाय तिचा. फक्त नाव वगैरे नको यायला कुठे.’

त्याच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता. सहज बोलला. पाना मागावा तसं.

तेवढ्यात कोमल दारात आली. तिला तिचं सामान न्यायचं होतं. तिने सगळं ऐकलं होतं की नाही, कळलं नाही. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘मामा, कपाटाची किल्ली द्या.’

मामा. तिच्या तोंडून पहिल्यांदाच. आवाज चढलेला नव्हता. तिने मला जे मान म्हणून दिलं होतं, ते परत घेतलं. माईकवर झालेला अपमान मी सव्वीस वर्षं उरात बाळगला. पण हा अपमान नव्हता. हा हिशोब बरोबर होता.

मी वेदांतला म्हणालो, ‘टेबलावरून उतर. ती बनवणार नाही. आणि तू उडवणार नाहीस.’

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय. मग त्याने माझा चेहरा पाहिला आणि उतरला.

त्याच दुपारी मी पोलीस स्टेशनला गेलो. फौजदाराने विचारलं, हे तेव्हा का नाही सांगितलं. मी म्हणालो, घाबरलो होतो. तो म्हणाला, आता नाही का घाबरत? मी म्हणालो, आताही घाबरतोय, तुम्ही लिहून घ्या. बंदी माहीत असून कपाट मी उघडलं, विमान वेदांतला मी दिलं, कोमलने नको म्हटलेलं मी ऐकलं. सगळं लिहून घेतलं. मी खाली सही केली.

प्राचार्य म्हणाले, यात तुम्हीच अडकता, कळतंय का. विश्वस्तांनी सही केली नाही. माझं कंत्राट वाढलं नाही. आता मी सातपूरला एका छोट्या शेडमध्ये ड्रिल मशीनवर आहे. माझ्यावरचं प्रकरण अजून चालू आहे. कोमलचं नाव पोलिसांच्या कागदातून निघालं, पण तोवर रुजू व्हायची मुदत टळली होती. तिच्या जागी दुसरं कोणी लागलं. ती पुन्हा अर्ज करणार आहे. माझ्या खरं बोलण्याने तिला तिची जागा परत मिळाली नाही, हे मला कोणी विसरू देऊ नये.

माफी मला केबिनमध्येच मागायची होती, जिथे नाव घेतलं तिथे. प्राचार्यांनी परवानगी दिली नाही. म्हणून शेवटच्या दिवशी क्लबच्या सगळ्या मुलांना वर्कशॉपमध्ये बोलावलं. कोमल आणि तिचे वडील उरलेलं सामान न्यायला आले होते. ती दाराशी उभी राहिली, आत आली नाही. वेदांत मागे भिंतीला टेकून मोबाइल पाहत होता. मोडलेलं विमान पोलिसांनी परत केलं होतं. ते मी टेबलावर ठेवलं. वडिलांना वाटलं मी निरोपाचं भाषण करणार. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. त्यांच्याकडे पाहणं मला सगळ्यात जड गेलं, पण पाहिलं.

मी म्हणालो:

‘कोमल, विमान तू बनवलंस. उडवलं वेदांतने. कपाट मी उघडलं. तू मला नको म्हणाली होतीस. मग मी माझी नोकरी वाचवायला तुझं नाव सांगितलं. तुझ्या मागे कोणी उभं राहणार नाही हे मला माहीत होतं, कारण नववीत माझ्या मागे कोणी उभं राहिलं नव्हतं. माझ्यावर हेच झालं होतं, म्हणून कसं करायचं ते मला नीट येत होतं. तू मला माफ करावंस म्हणून मी हे बोलत नाही. यापुढे कुठेही, कोणीही विचारलं की ते विमान कोणी पाडलं, तर मी माझं नाव सांगेन. दादा, तुम्ही माझ्यासमोर हात जोडले होते. आता तुमच्यासमोर मी हात जोडतो. कोमल, मी तुझी माफी मागतो.’