धोट्यांची गिटार

गैबी मिस्त्री लाकडाला आधी शिव्या घालायचे, मग हात. कोल्हापुरात त्यांच्याकडे तंबोरे, पेट्या दुरुस्तीला यायच्या. १९७४ साली श्रेणिक मास्तर आपली स्पॅनिश गिटार घेऊन आले. तारांखालची, बोटं फिरतात ती पट्टी चिरली होती.

"परदेशी लाकूड मिळत नाही. एखादं शिसवाचं झाड बघू का?" मास्तरांनी विचारलं.

मिस्त्री भडकले. "वीतभर रुंद न्हाय पट्टी, आन् उभं झाड पाडताय व्हय?"

दुसऱ्याच दिवशी ते इचलकरंजीहून यंत्रमागावर सूत घेऊन इकडून तिकडे पळणाऱ्या, आता टाकून दिलेल्या लाकडी धोट्यांचं पोतं घेऊन आले. मास्तरांना वाटलं, बंबाला जळण आणलंय. पण मिस्त्री एकेक धोटा दातांत धरून नखानं टिचकी मारत. आवाज बसका आला की "मुका हाय!" म्हणून भिरकावत. उरलेल्या धोट्यांच्या बाजू कापून, सांधून त्यांनी पट्टी बसवली.

मास्तरांनी गिटार मांडीवर घेतली. सहा वर्षं अडखळत आलेली तान एका दमात सुटली. ते स्वतःच्याच बोटांकडे बघत राहिले.

"मिस्त्री, हे झालं कसं?"

मिस्त्रींनी अंगावरचा भुसा झटकला. "तीस वर्सं मागावर धावल्यात ती. आता तुमच्या हाताखाली गप बसतील व्हय?"