कोऱ्या पाण्यातली टेकडी

चिनीमातीचे कप तपासणाऱ्या ताईंना प्रयोगशाळेत सगळे लख्खताई म्हणत, अर्थात पाठीमागे. कपावरची चकाकी खरवडायची, आम्लात विरघळवायची आणि त्यात विजेची कांडी बुडवायची. चकाकीत शिसं असेल तर ते कांडीच्या टोकाला चिकटतं आणि विजेचा दाब पालटला की सुटता सुटता पडद्यावर टेकडी उठवतं. टेकडी जेवढी उंच, तेवढं शिसं जास्त. त्याआधी नुसतं कोरं आम्ल-पाणी तपासायचं. तिथे रेघ सपाटच हवी.

कांडीचं टोक ताई पांढऱ्या भुकटीने घासत, तेही उघड्या बोटांनी. "हातमोजे घातले की बोटं आंधळी होतात," असं म्हणायच्या, आणि त्यावर कुणी वाद घालत नसे.

पण महिनाभर कोऱ्या पाण्यातही टेकडी उठत होती. ताईंनी आम्ल बदललं, बाटल्या उकळल्या, नवी भुकटी आणली. टेकडी ढिम्म. शेवटी साहेब चाचरत म्हणाले, "ताई, सोमवारपासून मशीन धाकट्या बाईंकडे देऊ या का?"

ताई "बरं" म्हणाल्या आणि बेसिनपाशी जाऊन उगाचच हात धुवत राहिल्या. ज्या हातांचा तोरा मिरवला, त्याच हातांनी नाक कापलं होतं.

त्याच आठवड्यात ताईंचे यजमान त्यांच्या बहिणीकडे गेले आणि रेघ इस्त्री केल्यासारखी सपाट झाली. यजमान परतले, दुसऱ्याच दिवशी टेकडीही परतली. ताईंनी आधी मशीनकडे पाहिलं, मग बोटांकडे, आणि बोटं हुंगली. यजमानांच्या डोक्याचा वास.

झालं असं होतं, की नातीच्या शाळेच्या फाटकावर रखवालदाराने यजमानांना "पणजोबा का?" असं विचारलं होतं. तेव्हापासून ते रोज सकाळी मानेभोवती टॉवेल गुंडाळून स्टुलावर बसत आणि ताई बाटलीतलं केस काळे करायचं पाणी त्यांच्या डोक्याला चोळत. मग साबणाने हात धुतला की झालं, असा ताईंचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी ताईंनी बाटलीतला एक थेंब पाण्यात टाकला. टेकडी पडद्याबाहेर गेली. त्यांनी स्वतःच साहेबांना हाक मारली. "मशीन बिचारं खरं बोलत होतं. शिसं माझ्या नखांतून येत होतं."

साहेबांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "हातमोजे घाला, मशीन तुमचंच."

धाकट्या बाईंनी लगेच जोडी पुढे केली. "बघा हं ताई, बोटं आंधळी होतील."

"होऊ देत. तू आहेस ना हात धरायला."

घरी आल्यावर ताईंनी विचारलं, "डोक्याला काय थापता हो तुम्ही?"

"मी कुठे? तूच तर थापतेस."

बाटली गेली. महिन्याभरात यजमानांचं डोकं कापसासारखं पांढरं झालं. "तुझ्या मशीनपायी मी म्हातारा झालो," ते म्हणाले.

"झाला होतातच. आता दिसायला लागलात, इतकंच."

तरी सकाळ झाली की ते टॉवेल गुंडाळून स्टुलावर बसतातच. ताई कंगवा घेतात, भांग पाडतात, वरून एकदा बोटं फिरवतात. घरी मात्र हातमोजे नाहीत.