सोलिकाची चोवीस मिनिटं

बेरशेबाच्या आमच्या विद्यापीठात, चित्रपट विभागाच्या तळघरात, कॉफीची एक टपरी आहे. तिच्यामागे बावीस वर्षं सोलिका वाक्नीन उभी आहे. कुणाची पटकथा परत आली, कुणाचं जमलेलं मोडलं, कुणाचा कॅमेरा वाळूत पडला, हे प्राध्यापकांच्या आधी तिला कळतं. ती सगळ्यांना 'कपारा' म्हणते. तुझी इडापिडा मला लागो, अशा अर्थाचा तो मोरोक्कोहून आलेल्यांचा लाडाचा शब्द. आणि सगळे तिला मावशी म्हणतात.

सतराव्या वर्षी तिला नटी व्हायचं होतं. तेल अवीवची एक नाटकमंडळी तिच्या ओफाकीम गावात आली होती आणि त्यांनी सोलिकाला निवडलंही होतं. निघायच्या सकाळी तिच्या आईने, फोर्तूनाबाईंनी, तिचे एकुलते एक बरे बूट कपाटात कोंडले आणि किल्ली कमरेला लावली. "वाक्नीनांच्या पोरी चारचौघांत उभ्या राहत नाहीत." एवढंच बोलल्या. सोलिका हे हसत सांगते. हसताना हातातला कप जरा जास्तच घासते.

मागच्या वसंतात यिफअत नावाच्या विद्यार्थिनीने तिला विचारलं, "मावशी, माझ्या फिल्ममध्ये काम करशील? तुझ्याच स्वयंपाकघरात. फोनची वाट बघणारी आई आहे." चार मंगळवार चित्रीकरण चाललं. मंगळवारच, कारण सोलिकाच्या घरी रव्याचा वाफवलेला कुसकुस मंगळवारीच होतो आणि दुसऱ्या वारी रव्याला हात लावायला ती तयार नव्हती.

विद्यापीठाच्या समकालीन इस्रायली चित्रपट महोत्सवात ती फिल्म निवडली गेली, तेव्हा सोलिकाने आईला फोन केला.

"अंगभर कपडे घातलेत ना?" फोर्तूनाबाईंनी विचारलं.

"आई, मी अठ्ठावन्न वर्षांची आहे!"

"म्हणूनच विचारतेय."

अखेर त्या यायला कबूल झाल्या, एका अटीवर. खेळ शुक्रवारी दुपारी होता. शब्बाथ हा आमचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्तालाच लागतो. हिवाळ्यात त्याचे दिवे साडेचारच्या आत लावावे लागतात, आणि शब्बाथ लागला की गाडीत पाऊल नाही. त्याआधी घरी पोचून सगळी तयारी करायची, त्यामुळे ठीक दोन वाजता त्या सभागृहातून उठणार. फिल्म अर्धी राहिली तरी उठणार.

फिल्म होती चोवीस मिनिटांची, आणि वेळ ठरली होती साडेबाराची. घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. पण आम्ही चित्रपट एकवेळ मुकाट्याने बघू, त्यानंतर मुकाट्याने बसणं आम्हाला जमत नाही.

आधीच्या चित्रपटात एक म्हातारा संत्र्यांची बाग विकतो. चर्चा सुरू झाली. बाग विकायला हवी होती की नको, यावर सभागृहाचे दोन तट पडले. एक वाजला. "शेवटचा प्रश्न," प्राध्यापक गिदओन म्हणाले. ते तिसऱ्यांदा म्हणाले होते. थंडीतही चपला घालून आलेले एक गृहस्थ उठले. "मला प्रश्न नाही. फक्त दोन शब्द बोलायचेत." सभागृह कण्हलं. पावणेदोन मिनिटांत ते आपल्या काकांच्या बागेपर्यंत पोचले.

सोलिका दाराशी उभी होती, नवा निळा पोशाख आणि त्यावर सवयीने बांधलेला एप्रन. नजर घड्याळावर. चौथ्या रांगेत फोर्तूनाबाई, मांडीवर पर्स, शेजारी धाकटा मुलगा प्रोस्पेर गाडीची किल्ली घेऊन. एक वीस झाले. एक पंचवीस. यिफअत तिच्याजवळ धावत आली. "मावशी, एक पस्तीसला सुरू झाली नाही तर आजी शेवट बघणार नाहीत."

"शेवट? या वेगाने तिला सुरुवातही दिसायची नाही."

आणि ती थेट मंचाकडे चालू लागली. गिदओनसरांच्या हातातून तिने ध्वनिक्षेपक घेतला.

"कपारा, सगळ्यांनी ऐका. बाहेर मी सकाळी तळलेले मैद्याचे गोल स्फेंज आहेत. गरम नाहीत, पण माझे आहेत. साखर आहे, कॉफी आहे, सगळं माझ्याकडून. ज्यांना बाग विकायची आहे ते उजवीकडे उभे राहा, ज्यांना नाही ते डावीकडे. भांडा पोटभर. ज्यांना फिल्म बघायची आहे त्यांनी बसा."

हशा पिकला. निम्मं सभागृह उठलं. चपलावाले गृहस्थ बोलत बोलतच बाहेर गेले. यिफअतने रिकाम्या होत जाणाऱ्या खुर्च्यांकडे पाहिलं. तिची पहिली फिल्म, आणि प्रेक्षक मोजून चाळीस. पण तिनेच यंत्रवाल्याला हात केला. दिवे मालवले. एक चौतीस.

पडद्यावर सोलिकाचे हात आले. परातीत रवा, वर पाण्याचा शिडकावा, बोटांची गोल फिरकी. फोन गप्प. सोलिका पडद्यावर काही बोलत नव्हती, आणि आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"पाणी जास्त झालं," अंधारात फोर्तूनाबाईंचा आवाज आला.

"आई, शू!"

"शू काय? गोळे होतील. होणारच."

लोक खळखळून हसले. पण फोनकडे बघत सोलिकाने परातीवरचे हात थांबवले, तिथे फोर्तूनाबाईही थांबल्या. मग शेवटपर्यंत त्यांचा आवाज आला नाही. हसणं ऐकून बाहेरचे काही जण स्फेंज हातात घेऊन आत आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

दिवे लागले. एक अठ्ठावन्न. टाळ्या थांबेनात. प्रोस्पेर उठला, किल्ली वाजवली. "चला आई, वेळ झाली."

फोर्तूनाबाईंनी हात वर केला होता. प्रोस्पेरकडे नाही, मंचाकडे. गिदओनसर धावत ध्वनिक्षेपक घेऊन आले.

"मला प्रश्न नाही," फोर्तूनाबाई म्हणाल्या. "दोन शब्द बोलायचेत."

सभागृह आनंदाने ओरडलं. त्या थांबल्या, ओरडा संपू दिला.

"ही सतरा वर्षांची होती तेव्हा मी हिचे बूट कोंडले. मला भीती होती, लोक हिच्याकडे बघतील." त्यांनी पर्सचा बंद उगाच घट्ट केला. "आज मी बघितलं. लोक बघतात तेव्हा ही कशी दिसते, ते मला माहीत नव्हतं."

सोलिका दाराशी पायरीवर बसली. एप्रनचं टोक तिने तोंडाशी धरलं.

"आता रव्याचं," फोर्तूनाबाई पुढे म्हणाल्या. "दिग्दर्शिका कोण? उभी राहा, मुली. पाणी हाताने नाही शिंपडायचं..."

"आई, दोन वाजून सहा मिनिटं!" प्रोस्पेर म्हणाला.

"बस खाली."

"आई," शेवटी सोलिकाच हाका मारू लागली, हसत आणि नाक पुसत, "आई, शब्बाथ येतोय!"

"शब्बाथ दर आठवड्याला येतो," फोर्तूनाबाई म्हणाल्या आणि ध्वनिक्षेपक दुसऱ्या हातात घेतला.