वाढव म्हणजे नक्की काय

आमच्या ह्यांना सगळे कानवाले मास्तर म्हणतात. बॉनेट न उघडता, नुसती मान तिरकी करून ते इंजिनात काय बिनसलंय ते सांगतात. बायको जेवायला हाका मारते त्या मात्र त्याच कानांना ऐकू येत नाहीत. मी गॅरेजच्या कोपऱ्यात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते, त्यामुळे ह्यांचा दिवसभराचा सगळा कारभार माझ्या डोळ्यांसमोर चालतो.

ह्यांचं काम टर्बो बसवलेल्या गाड्यांचं. टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा वाढली की त्या मापात पेट्रोलही वाढवावं लागतं, नाहीतर आत इतकं तापतं की पिस्टन वितळतो. हे माप जुळवण्यातच सगळं कसब. पूर्वी हे एक स्क्रू फिरवून जुळवायचे. स्क्रू सैल केला की पेट्रोल वाढायचं, त्यामुळे ह्यांच्या तोंडी "वाढव" म्हणजे पेट्रोल वाढव, दुसरा अर्थच नाही.

पुढे स्क्रू गेला आणि लॅपटॉप आला. तो काही ह्यांना जमेना. चष्मा लावायला कमीपणा वाटतो आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. शेवटी आमच्या धाकटीने त्याचा कोर्स केला आणि ती बापाच्या हाताखाली कामाला लागली. आता लॅपटॉपवर दिसतो तो आकडा: एक भाग पेट्रोलला किती भाग हवा. म्हणजे आकडा वाढवला की पेट्रोल कमी होतं. सगळा उलटा मामला. पण बापलेक शांतपणे काम करायचे तेव्हा बोलणं पूर्ण असायचं. "पेट्रोल जरा वाढव," हे म्हणायचे, आणि ती आकडा खाली आणायची. कधी अडलं नाही.

अडलं ते चष्म्याच्या दुकानदाराच्या लाल गाडीवर. गाडी रोलरवर पट्ट्यांनी बांधलेली, चाकं जागच्या जागी फिरतायत, समोर भला मोठा पंखा. धाकटी स्टिअरिंगमागे, लॅपटॉप शेजारच्या सीटवर. चष्मेवाला दोन मित्रांना घेऊन हाताची घडी घालून उभा. इंजिन असं गरजत होतं की माझ्या मशीनची सुई चालतेय की थांबलीय ते मलाच कळेना. तेवढ्यात ह्यांची मान तिरकी झाली. आत टकटक सुरू झाली होती, म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं.

"वाढव," हे ओरडले.

धाकटीने काचेतून एकदा ह्यांच्याकडे पाहिलं. भुवया वर. मग तिने बटण दाबलं. टकटक वाढली.

"वाढव, अजून वाढव."

तिने अजून दाबलं. धाडकन आवाज झाला आणि मागून पांढऱ्या धुराचा लोट आला. पिस्टन गेला.

धूर विरायच्या आत हे चष्मेवाल्याकडे वळले. "मी वाढव म्हणतोय आणि ही कमी करतेय. नवीन आहे, गोंधळली. इंजिन मी बांधून देतो, काळजी नको." धाकटी गाडीतून उतरली, "चुकलं माझं," म्हणाली आणि पट्ट्या सोडायला खाली वाकली. चष्मेवाल्याचा एक मित्र दुसऱ्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटला आणि दोघं हसले. मी सगळं ऐकत होते. माझी मान खाली गेली.

संध्याकाळी जेवताना ह्यांनीच विषय काढला. "एवढा कोर्स केलास, आणि—"

"बाबा, मी आकडा वाढवला," ती ताटात बघून म्हणाली. "तुम्ही वाढव म्हणालात म्हणून. मला ते पटत नव्हतं. पण म्हटलं, तुमच्या कानांना काहीतरी ऐकू आलं असेल, जे मला नाही कळत."

ह्यांचा घास हातातच राहिला. मग ते उठले, हात धुतले आणि तसेच नळापाशी उभे राहिले. मी मागे गेले तर म्हणाले, "मला धूर निघाला तेव्हाच कळलं होतं गं. लाज वाटली. ग्राहकासमोर कानवाल्या मास्तरची चूक कशी दिसेल म्हणून पोटच्या पोरीवर खापर फोडलं मी."

"मला नका सांगू," मी म्हटलं. "ज्यांच्यासमोर फोडलंत त्यांना सांगा. या धंद्यात तिचं नाव अजून व्हायचंय. ते तुम्ही पहिल्याच वर्षी मातीत घातलंत."

ह्यांनी मान डोलावली. इंजिन बांधून झालं, माप नीट जुळलं, चष्मेवाला गाडी न्यायला आला. बरोबर तेच मित्र. धाकटी लॅपटॉपची वायर गुंडाळत होती. हे अंघोळ करून, चक्क इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

"तुम्हाला एक सांगायचंय," हे म्हणाले. "त्या दिवशी चूक हिची नव्हती. माझी होती. मी नुसतं वाढव म्हणालो, काय वाढव ते सांगितलंच नाही. आणि वर नाव हिचं घेतलं."

चष्मेवाल्याने ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, मलाही मुली आहेत. बाप आहात, लेकीला पाठीशी घालणारच. एवढं मोठं मन कुणाचं असतं?" मित्रांनीही माना डोलावल्या. "फक्त यापुढे माझ्या गाडीला तुम्हीच हात लावा. तिला नको."

आता हे "अहो, ऐका तर" म्हणतील म्हणून मी वाट पाहिली. ह्यांनी तोंड उघडलंही. पण त्या शाबासकीने चेहरा क्षणभर उजळला, खांदे सरळ झाले आणि ते नुसते हसले. मी ते हसू पाहिलं. धाकटीनेही पाहिलं. मग आम्ही पाहिल्याचं ह्यांनी पाहिलं, आणि ते हसू कुठे लपवावं ते त्यांना कळेना.

गाडी गेली. धाकटीने लॅपटॉप ह्यांच्यासमोर टेबलावर ठेवला, हात पुसले आणि माझ्या कोपऱ्यात आली.

"आई, मला शिवायला शिकव," ती म्हणाली.

ह्यांना ते ऐकू गेलं. मी सरकून तिला जागा दिली.